सुई टोचल्यानंतर

रसिकाला सुई टोचली ती पेशंट निघून गेल्यावर. भुलीच्या सुईवर घाईघाईत टोपण चढवताना हात सरकला आणि हातमोज्याच्या आत, अंगठ्यावर, रक्ताचा ठिपका उमटला.

पेशंट होते मुकुंदराव, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. खुर्चीत बसण्याआधी दार लोटून घेऊन त्यांनी सांगितलं होतं, "डॉक्टर, मला एचआयव्ही आहे. बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत. दोन दवाखान्यांनी नको म्हटलं. तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

रसिका म्हणाली होती, "बसा." असं म्हणता आलं याचा तिला मनातून थोडा अभिमानही वाटला होता.

जखम धुऊन ती दिलसुखनगरच्या आपल्या दातांच्या दवाखान्यातून तडक सरकारी इस्पितळात गेली. तिथल्या ओळखीच्या डॉक्टर श्रुतीने रक्त घेतलं, गोळ्या सुरू केल्या. "पेशंट औषधावर आहे, तूही लगेच आलीस. धोका फारच कमी आहे. पण पक्कं उत्तर पुढच्या तपासण्यांनंतरच. तोवर गौतमशी जपून राहा."

नवऱ्याला तिने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. गौतमने ऐकून घेतलं आणि गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिच्यासाठी मऊ भात लावला. त्याचं काही बिनसलं नाही. बिनसलं रसिकाचंच. तिने आपला पेला वेगळा केला. एकदा राणीने अर्धं चावलेलं बिस्किट आईच्या तोंडाशी नेलं, तर तिने मान फिरवली. पोर हिरमुसली.

"उष्ट्याने काही होत नाही, हे तूच लोकांना सांगतेस ना," गौतम म्हणाला.

"माहितीये रे मला," ती म्हणाली. माहीत असूनही मन थाऱ्यावर येत नव्हतं.

मुकुंदरावांचं रूट कॅनाल अर्धवट राहिलं होतं. त्यांची वेळ आली की रसिका ती पुढे ढकलायची. पुन्हा एकदा ढकलल्यावर ते स्वतःच येऊन बाकावर बसले.

"मॅडम, उनों जातेच नै," रिसेप्शनवरच्या मुलीने आत येऊन, बाहेर बाकाकडे बोट दाखवत सांगितलं.

रसिकाने त्यांना बोलावलं. त्यांचा गाल सुजला होता. उभ्याउभ्याच ते म्हणाले, "तुम्हालाही नको असेल तर सरळ सांगा डॉक्टर. वाईट वाटून घेणार नाही. पण दुखणं नक्को झालंय आता."

तिला खोटं बोलवेना. "त्या दिवशी तुमची सुई मला टोचली, मुकुंदराव. चूक माझीच. मी गोळ्या घेतेय, तपासणी व्हायचीय."

ते एकदम खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही आता वाट बघताय."

"हो."

"माझ्या वेळी मी कुणाला बोललो नाही. ऑफिस सुटलं की घरी न जाता नामपल्ली स्टेशनवर बसायचो. बायकोला वाटलं, मला दारूचा नाद लागला. तेच बरं, म्हणून मी तसंच वाटू दिलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "घरी सांगितलंय का?"

"सांगितलंय."

"हौ. मग तुमचं बरं आहे."

रसिकाला एकाएकी राणीचा उतरलेला चेहरा आठवला. सांगितलं होतं खरं. पण घरात असूनही तीही कुठल्याशा फलाटावरच बसून होती. आणि या माणसाला तिने दुखऱ्या दाढेसकट ताटकळत ठेवलं होतं, मागच्या दोन दवाखान्यांसारखंच. त्या दवाखान्यांनी निदान तोंडावर नको म्हटलं होतं.

"आ करा," ती म्हणाली.

सुई भरताना तिची नजर आपल्या अंगठ्यावर गेली. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली. या वेळी टोपण न चढवता सुई थेट डब्यात टाकली. काम संपलं तेव्हा पाठ घामाने भिजली होती. भीती गेली नव्हती, पण तिच्यासकट काम करता आलं होतं. संध्याकाळी तिने राणीचं उष्टं बिस्किट खाल्लं.

शेवटचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. गौतम ऑफिसच्या जिन्यातच फोनवर रडला. मग तिने मुकुंदरावांना फोन लावला.

पलीकडच्या रस्त्यावरच्या गोंगाटातच तिने त्यांना रिपोर्ट सांगितला. मग त्यांचा घोगरा आवाज आला, "बायकोला सांगतो हं आत्ताच. या वेळी घरी सगळं सांगितलं होतं, तीही रोज विचारत होती."