कच्चा गोंद

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. गिऱ्हाईकानं फार घासाघीस केली की मी त्याला सरळ दार दाखवतो. जुन्या, महागड्या गोल्फच्या काठ्यांचा धंदा आहे माझा. हौस फिटलेल्या श्रीमंतांकडून घडीव पोलादाचे सेट उचलायचे, घासूनपुसून चकचकीत करायचे आणि नवी हौस लागलेल्यांच्या गळ्यात मारायचे. तोंड माझं, हात मेहुण्याचे. बायकोचा हा धाकटा भाऊ आतल्या टेबलाशी बसून दांडे बदलतो. काठीचं पोलादी डोकं तापवून जुना दांडा उपसायचा, भोक खरवडून साफ करायचं, गोंद कालवून नवा दांडा बसवायचा. त्यानं बसवलेला दांडा दहा वर्षांत कधी हलला नव्हता.

तो गोंद पक्का व्हायला पुरता एक दिवस लागतो. त्या शुक्रवारी त्यानं एका सेटची सात नंबरची काठी सकाळी चिकटवली, दांड्याला 'उद्या दुपारनंतर' अशी चिठ्ठी बांधली आणि जेवायला घरी गेला. तेवढ्यात एक ठेकेदार आला. आडदांड माणूस, पण सेट पाहून लहान मुलासारखा हरखला. मात्र आत्ताच हवा म्हणाला, नाहीतर पलीकडच्या दुकानात बघतो. पलीकडचं दुकान म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी चिठ्ठी काढून खिशात कोंबली आणि सेट बांधून दिला.

मेहुणा परतला तो टेबलाशीच थबकला. "भाऊजी, सात नंबर कुठंय?"

"गेला. सेटच गेला."

"अहो, कच्चा आहे गोंद! फोन करा त्यांना. उद्यापर्यंत त्या काठीला हात लावू नका म्हणावं."

"करतो रे बाबा."

तासाभरानं त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा मी "केला" म्हणालो. केला नव्हता. कच्चं काम गळ्यात मारलं हे कळलं असतं तर ठेकेदारानं सेट माझ्या तोंडावर फेकला असता. म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न, कोण लगेच खेळायला जातंय?

तो त्याच संध्याकाळी गेला.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं, मेहुणा आत कामाला लागला, आणि पाठोपाठ ठेकेदार आणि त्याचा भाऊ शिरले. भावानं शटर आतून खाली ओढलं. ठेकेदारानं काउंटरवर आधी दांडा ठेवला, मग त्यातून सुटलेलं डोकं.

"माझी मुलगी बाजूला उभी होती," तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "नऊ वर्षांची आहे. हे निसटलं आणि तिच्या डोळ्यावर बसलं. काल डोळा काढला. हे चिकटवलं कोणी?"

मेहुणा फडक्याला हात पुसत बाहेर आला. "मी," तो म्हणाला.

भावानं त्याची मान काउंटरवर दाबली आणि उजवं मनगट धरून ठेवलं. ठेकेदारानं भिंतीवरची एक काठी काढली आणि उलट्या बाजूनं त्याच्या बोटांवर घातली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मेहुणा किंचाळला. दुसरा घाव बसला तेव्हा काउंटरच्या काचेला तडा गेला आणि रक्त त्यात उतरलं.

"फोन केला होता ना!" मेहुणा ओरडला. "उद्यापर्यंत थांबा म्हणून!"

"कोणाचा फोन? कोणी फोन केला नाही मला!"

तिसरा घाव. मेहुणा एकदम गप्प झाला. गाल काचेवर, डोळे माझ्याकडे. त्याला सगळं समजलं होतं, आणि तो मी बोलण्याची वाट बघत होता. मी दोन पावलांवर उभा होतो. एरवी भाजीवाल्यावर खेकसणारा मी, माझा राग कुठल्या बिळात दडला होता कोण जाणे.

ठेकेदार माझ्याकडे वळला. रडत होता तो. "तू सांग. गोंद कच्चा आहे, हे ह्यानं तुला सांगितलं होतं?"

मेहुण्याचा डावा हात अजून धड होता.

"नाही," मी म्हणालो.

मग त्यांनी तो हात पुढे ओढला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाडं जुळतील, पण बारीक काम आता होणं नाही. मेहुण्याचे दोन्ही हात प्लास्टरनं कोपरापर्यंत पांढरे झाले होते. बायको धावत आली, भावाला बघून खाली बसली, हमसून रडली. मग उठून माझ्यापाशी आली, माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि कपाळाला लावले. "तुमचे तरी वाचले हो," ती म्हणाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी हात मी सोडवून घेतले नाहीत.

मेहुणा छताकडे बघत होता. "ताई," तो म्हणाला, "भाऊजींना पाणी दे आधी. फार घाबरलेत ते."

तिनं उशाशी ठेवलेला त्याचा पेला भरून माझ्या हातात दिला. मी तो सगळा प्यायलो.