‘घर बंद’ नव्हतेच

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या रस्त्यावर, पार्सलांचे एक केंद्र आहे. तिथे खिडकीपाशी चार्जिंगला लावलेला, कोपरा फुटलेला जुना स्कॅनर म्हणजे मी. मित्रांनो, तुम्ही घरबसल्या मोबाइलवर बटण दाबता, आणि काही दिवसांनी खोके दारात येते. मधल्या प्रवासात माझ्यासारख्या अनेकांचे डोळे त्या खोक्यावरून फिरलेले असतात.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. मला लाल उजेडाचा एक डोळा मिळाला आणि खोक्यावरच्या काळ्या रेघा वाचण्याची विद्या मिळाली. रेघा वाचल्या की मी ‘टिट्’ करतो आणि बातमी कंपनीच्या मोठ्या संगणकांना कळवतो: माल आला, माल निघाला, माल पोचला. ते संगणक काहीच विसरत नाहीत. कोण काय मागवते, कोणत्या पत्त्यावर माणूस भेटतो, कुठून माल परत येतो, हे सारे जमवून ते पुढचे अंदाज बांधतात. नवा होतो तेव्हा केंद्राच्या प्रमुख अपर्णाताई मला रोज मऊ फडक्याने पुसत. ‘हा कधी चुकत नाही,’ असे म्हणत. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या श्रावणात एक लांबट, जड खोके आले. आत हवेची गादी होती. पुण्याला राहणाऱ्या मृणालने ती उज्जैनच्या आपल्या आईवडिलांसाठी मागवली होती. तिचे वडील, बापू, अंथरुणाला खिळले होते आणि पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. पत्ता तिने बरोबर लिहिला होता, पण नकाशावरची खूण चुकली. गणपती गल्ली जुन्या शहरातली. खूण पडली देवास गेटकडच्या त्याच नावाच्या गल्लीवर.

माल पोचवणारा अनिल मला घेऊन त्या खुणेवर गेला. समोर एक गोदाम, त्याला कुलूप. त्याने फोन केला नाही, लिहिलेला पत्ता नीट वाचला नाही. माझ्यावर ‘घर बंद’ दाबले आणि पुढे निघाला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी दोन्ही वेळा इमानदारीने ‘टिट्’ केले. संगणकांनी मान्य केले, की या पत्त्यावर कुणी नसते. गादी परतीच्या ढिगात गेली. मृणालने पुन्हा मागवू पाहिली, तर उत्तर आले: ‘या पत्त्यावर माल पाठवता येणार नाही.’

तेव्हा तिने केंद्रात फोन लावला. अपर्णाताईंनी सगळे ऐकून घेतले आणि अनिलला हाक मारली.

“अनिल, गणपती गल्लीत तू गेला होतास?”

“गेलो होतो ना ताई. लोकेशनवर तर गोदाम होतं. ताला लागलेला.”

“गोदामात कुणी राहतं का रे? एक फोन करायचा होतास.”

अनिल खाली पाहू लागला. “गलती झाली ताई. गाडी भरलेली होती, घाई केली.”

ताईंनी मृणालच्या आईला, अक्कांना, फोन केला. “अक्का, तुम्ही घरीच आहात ना?”

“मी कुठे जाणार बेटा? यांना सोडून दारापर्यंत जायचं तरी जीव घाबरतो. आमच्याकडे ताला लागतच नाही!”

तो सोमवार होता. दुपारनंतर महाकाळाच्या सवारीसाठी, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीसाठी, जुन्या शहरातले रस्ते बंद होणार होते, आणि परतीची गाडीही संध्याकाळीच सुटणार होती. ताई उठल्या. “चल, गाडी काढ. मीपण येते.”

बांबूंचे कठडे लागत होते, त्यांच्यामधून अनिलने मोटारसायकल काढली. मागे गादी धरून ताई, आणि त्यांच्या पिशवीत मी. अक्का दारातच उभ्या होत्या. आत बापू कुशीवर पडले होते. कूस बदलताना त्यांच्या तोंडून आवाज निघे, तसा अक्कांचाही चेहरा आक्रसे. अनिल गादीला पंप जोडायला बसला. गादी फुगली. तिघांनी मिळून बापूंना अलगद तिच्यावर घेतले. थोड्या वेळाने ते पुटपुटले, “आता बरं वाटतंय.” अक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

निघताना ताई उंबऱ्याशी थांबल्या आणि त्यांनी नकाशावरची खूण तिथे आणून ठेवली. मग ‘माल पोचला’ दाबले. तितक्या समाधानाने मी कधीच ‘टिट्’ केले नव्हते.

पण संगणकांच्या स्मरणातला डाग लगेच गेला नाही. ताईंना वरच्या कार्यालयाला पुन्हा पुन्हा कळवावे लागले. अखेर पत्ता खुला झाला. आता बापूंची औषधे आणि मलम त्याच दारात पोचतात. जखमा भरत आल्या आहेत, हे अनिलनेच केंद्रात येऊन सांगितले. ‘घर बंद’ दाबण्याआधी तो हल्ली फोन करतो.

आता सगळ्यांच्या हाती नवे मोबाइल आले आहेत. गर्दी असली तरच मला उचलतात. माझ्या काचेवर धूळ बसते, त्याचे मला वाईट वाटत नाही, असे म्हटले तर खोटे होईल. पण मित्रांनो, मागणे मागायचे तर मी फडके मागणार नाही. आम्ही यंत्रे सांगितलेले विसरत नाही, आणि खरेखोटे पारखतही नाही. म्हणून कुणाविषयी आम्हाला काही सांगण्याआधी एकदा त्याच्या दारापर्यंत जा. दार वाजवायला आम्हाला हात नाहीत.