कावीळ झालेली भिंत

बंदरातला पायलट म्हणजे कोण, हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. मी एकाशी लग्न केलंय. विमानाशी यांचा काही संबंध नाही. बाहेरून मोठं जहाज येतं, त्याच्या कॅप्टनला आमच्या बंदरातला गाळ आणि वळणं ठाऊक नसतात. म्हणून हे लाँचने जातात, जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोराच्या शिडीने वर चढतात आणि ‘थोडं डावीकडे, आता सरळ’ असं सांगत ते जहाज धक्क्याला लावून देतात. सुकाणू दुसऱ्याच्या हातात, जबाबदारी कॅप्टनची आणि रुबाब यांचा. घरी आल्यावरही तोच सूर असतो. मी चहा ठेवला तरी म्हणतात, थोडा डावीकडे.

आमच्या बंदरात असे मोजकेच पायलट आहेत. सगळे पिकले केस, सुटलेली पोटं, आणि सगळे एकाच म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले. उस्ताद केव्हाच गेला. आता त्यांचा म्होरक्या म्हणजे भोंगा. हळू बोलणं त्या माणसाला जमतच नाही. कानात सांगायची गोष्टसुद्धा धक्क्यापर्यंत ऐकू जाते, म्हणून हे नाव.

तर समोरच्याच्या बारशाला जेवल्याच्या थाटात वावरणाऱ्या या मंडळींमध्ये उमेदवारी करायला आली माझी भाची. घरात तिला गोटी म्हणतात. लहानपणी तशीच होती, बुटकी, गोल आणि हातात न सापडणारी. पुढे मोठ्या जहाजावर कॅप्टन झाली, तरी आमच्यासाठी गोटीच. तिची आई, माझी धाकटी बहीण, अंथरुणाला खिळली आणि गोटीने जहाज सोडलं. पायलट झाली तर समुद्र सुटणार नाही आणि रोज आईजवळही येता येईल, एवढंच तिच्या मनात होतं. वयाची अट काठावर बसत होती. हे हुकलं तर दुसरीकडे कुठे दार उघडणार नव्हतं.

अटी तरी किती! कॅप्टनचं सर्टिफिकेट हवं, मोठ्या जहाजावर कॅप्टन म्हणून काही वर्षं काढलेली हवीत, रंग ओळखता येणारे डोळे हवेत, पोहायला यायला हवं, आणि हलत्या लाँचवरून ती शिडी चढून दाखवायला हवी. गोटी माकडासारखी चढली. खाली घड्याळ लावून बसलेले तिघे परीक्षक नंतर ऑफिसचा जिना चढताना मध्ये दोनदा थांबले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मुलाखतीत भोंग्याने विचारलं, “वादळात शिडीवर चढताना घाबरणार नाही ना?” ही बाई अख्खं जहाज घेऊन वादळातून आलेली! तिने नुसतं “नाही, सर” म्हटलं. मी असते तर त्याला त्याच शिडीला बांधून आले असते.

मग सुरू झाली उमेदवारी. म्हणजे पाळीपाळीने प्रत्येक पायलटच्या मागे उभं राहायचं, तोंडात मिठाची गुळणी धरून बघायचं आणि घरी येऊन कोऱ्या कागदावर अख्खं बंदर काढायचं. कुठे किती खोल, कुठे कुठला दिवा, सगळं डोक्यातून. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती काढत बसायची आणि मी छापील नकाशा समोर धरून तपासायची. एक दिवस मी गंमत म्हणून ह्यांच्याही पुढ्यात कोरा कागद ठेवला. हे म्हणाले, “मला आता कागदाची गरज नाही.” एवढंच बोलून पेपर वाचायला लागले.

गाडी अडायची ती एकाच वळणावर. बंदरात शिरताना गाळाचा एक मोठा उंचवटा आहे, त्याला वळसा घालावा लागतो. जहाज काही रिक्षा नाही, हँडल फिरवलं की वळली. आधीच सांगून ठेवावं लागतं, आणि ते नेमकं कधी सांगायचं यावर सगळं असतं. लवकर वळलं तरी गाळ, उशिरा वळलं तरी गाळ. गोटीने एकेकाला विचारलं, तुम्ही कशावरून ठरवता? एक म्हणाला, “ते डोळ्यांना दिसतं, शिकवता येत नाही.” दुसरा म्हणाला, “वीस वर्षांनी आपोआप कळेल.” आणि आमचे हे, तिच्या सख्ख्या मावशीचा नवरा, काय म्हणाले? “ज्याची त्याची खूण ज्याने त्याने शोधायची असते.”

“अहो, घरची मुलगी आहे!” मी म्हटलं.

“घरची आहे म्हणूनच,” हे म्हणाले, आणि वर असं हसले की जणू काही शहाणपणाचं दुकान यांनीच काढलंय.

पोरीने शोधली मग आपली आपण. आठवडेच्या आठवडे नवे नकाशे घेऊन बसली आणि ठरवलं. शाळेचं घड्याळ आणि डोंगरावरची पाण्याची टाकी एका रेषेत आली की वळायचं. मला काही कळलं नाही, पण तिच्या तोंडावरून कळलं की हे पक्कं आहे.

परीक्षेला दोनच संधी असतात. उमेदवाराने जहाज आत आणायचं, परीक्षकाने मागे गप्प उभं राहायचं. परीक्षक मध्येच “माझ्याकडे द्या” म्हणाला की उमेदवार नापास. पहिल्या परीक्षेला परीक्षक भोंगा होता. नेमक्या त्या वळणावर तो ओरडला, “माझ्याकडे द्या!” आणि संपलं. शेरा दिला, वळायला उशीर.

गोटी घरी आली ती रडत नव्हती. रागाने तिचे कान लाल झाले होते. तिने टेबलावर नकाशा पसरला.

“मावशी, मला उशीर झालाच नव्हता. माझी खूण यायची होती अजून. ते आधीपासून खिडकीतून डोंगराकडे बघत होते आणि ‘दिसली, दिसली’ असं स्वतःशीच म्हणत होते. काय दिसली विचारलं तर म्हणे काही नाही.”

जहाज जिथे होतं तिथे तिने टिंब काढलं. तिथून धान्याच्या गोदामाच्या कडेला चाटून जाणारी रेघ ओढली आणि तशीच डोंगरावर नेली. पेन्सिल थांबली ती आमच्या घरावर.

आता आमच्या घराबद्दल सांगते. सासऱ्यांनी बांधलेलं. डोंगरावरची सगळी घरं पांढरी, आणि आमची एकट्याची मागची, बंदराकडे तोंड असलेली स्वयंपाकघराची भिंत पिवळी. साधी पिवळी नाही, कावीळ झाल्यासारखी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी म्हणतेय, रंग बदला. पाव्हणेरावळे हसतात. हे ऐकतील तर शपथ! दर दोन-तीन वर्षांनी रंगारी बोलावून तोच रंग, तोच डबा. विचारलं तर म्हणायचे, वडिलांची आठवण. मलाही कधीकधी भरून यायचं हो! वाटायचं, बापावर किती माया या माणसाची.

हे आले तशी मी नकाशा पुढे सरकवला. “हीच का वडिलांची आठवण?”

ह्यांचा चेहरा उतरला. खाली बसले. “गोदामाच्या आडून भिंत पूर्ण बाहेर आली की वळायचं,” अगदी बारीक आवाजात म्हणाले. “उस्तादने सांगितलं होतं. मला एकट्याला. शपथ घातली होती.”

“आणि भोंग्याला कोणी सांगितलं?”

तेव्हा कुठे दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला. उस्तादने प्रत्येकाला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, प्रत्येकाला शपथ घातली होती. आणि हे सगळे शहाणे आयुष्यभर एकमेकांपासून लपवत एकाच भिंतीकडे बघत होते. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे! मला हसू आवरेना.

“हसू नको,” हे म्हणाले. “गोटी, आता कळलं ना? पुढच्या वेळी भिंत दिसली की वळव. पास होशील.”

“नाही काका.” गोटीने नव्या नकाशावर बोट ठेवलं. “गाळ सरकलाय. भिंत आहे तिथेच आहे. त्यात आता जहाजं लांबलचक असतात. भिंत बघून वळलं की तुम्ही सगळे उंचवट्याच्या फार जवळ जाता, आणि मग टगबोटी लावून ओढून घेता. मी मागे उभी राहून रोज बघतेय. चूक आहे हे माहीत असून तिथे वळू?”

“एकदाच. परीक्षेपुरतं.”

“माझ्याच्याने नाही होणार.”

“मग नापास हो!” हे उठून गेले.

ती मान खाली घालून नकाशाची घडी करत होती. घरी आई वाट बघत पडलेली, हातातली नोकरी सोडलेली, आणि पास व्हायचं तर चुकीच्या जागी वळायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच आठवड्यात, हे कामावर असताना, रंगाऱ्याला बोलावलं. म्हटलं, पांढरा. शेजारच्या घरांसारखा, अगदी तसाच.

दोन दिवसांत जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. आधी एका पायलटच्या बायकोचा फोन. “अहो, तुमची भिंत काय सुंदर दिसायची. ह्यांना फार आवडायची.” जन्मात कधी फोन न करणारी बाई! मग दुसरे एक रस्त्यातून जाता जाता म्हणून वर आले. आमचं घर डोंगराच्या टोकाला आहे, पुढे रस्ताच नाही. शेवटी भोंगा. चहा घेतला, भिंतीकडे बघितलं, घाम पुसला.

“वहिनी, पिवळा बरा होता.”

“का हो?”

“नाही... डोळ्यांना बरा.”

“तुमच्या घरी लावा की मग.”

बोलतो काय बिचारा! नियमात लिहिलंय, नकाशावरच्या खुणाच धरायच्या. आमची भिंत कुठल्या नकाशावर आहे? सगळे मूग गिळून गेले. आमच्या ह्यांनी रंगाऱ्याला परत बोलावलं, पण त्याने दुसरीकडे मोठं काम धरलं होतं. तोवर सगळे पायलट जहाजं अशी आणत होते की बैलगाडी बरी. प्रत्येक जहाजाला जास्तीची टगबोट. मी खिडकीतून बघायची आणि मनातून सुखावायची.

गोटीला लाँचवरून पांढरी भिंत दिसली आणि ती तशीच घरी आली. मला वाटलं, गळ्यात पडेल.

“मावशी, तुला कोणी सांगितलं होतं हा उपद्व्याप करायला?”

“अगं, तुझ्यासाठीच—”

“हे सगळे त्या भिंतीवर जगतात. चुकीची का असेना, त्यांना तीच माहीत आहे. उद्या कोणी गाळात गेलं तर? माणसं असतात वर! जहाजं आहेत ती, तुझी भांडी नाहीत, आपटायला.”

असं कोणी मला बोललेलं मी ऐकून घेत नाही. पण या वेळी ऐकून घेतलं. पोर खरं बोलत होती आणि मी इतके दिवस खिडकीत उभी राहून मजा बघत होते.

रंगाऱ्याला मग मीही निरोप धाडला, पण दुसरी परीक्षा आली तरी तो मोकळा झाला नव्हता. परीक्षेच्या दिवशी मी गच्चीवर गेले. ह्यांची दुर्बीण डोळ्याला लावली. हेही मागून आले, शेजारी उभे राहिले. लांबलचक जहाज होतं, आतापर्यंतचं सगळ्यात मोठं असेल. हळूहळू गोदामाजवळ आलं. ह्यांची बोटं कठड्यावर आवळली गेली. “आता,” हे म्हणाले. जहाज सरळच. “गेली, गेली ही पोरगी!” मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा जहाजाचं नाक वळायला लागलं होतं. सावकाश आणि ऐसपैस, उंचवट्यापासून भरपूर पाणी सोडून. टगबोटी नुसत्या बाजूने चालल्या होत्या. दोर कुणी ताणलासुद्धा नाही.

ह्यांनी माझ्या हातातून दुर्बीण घेतली. बराच वेळ बघत राहिले.

संध्याकाळी गोटी आली, पास होऊन. आधी आईला सांगून आली होती. मी विचारलं, आजही परीक्षक भोंगाच होता ना, काय करत होता? म्हणाली, “ते सगळा वेळ डोंगरावर घर शोधत होते. मी वळून पुढे गेले तरी शोधतच होते.”

मी पोट धरून हसले. हे हसले नाहीत. खुर्ची ओढून टेबलाशी बसले, चष्मा पुसला.

“गोटी,” हे म्हणाले, “तुझी खूण कुठली?”

गोटीने ह्यांच्याकडे बघितलं. तिचे डोळे बारीक झाले, आणि अगदी ह्यांच्याच सुरात, ह्यांच्याचसारखं हसून ती म्हणाली, “काका, ज्याची त्याची खूण ज्याने त्याने शोधायची असते.”

वा! काय बरं वाटलं मला. किती महिन्यांची परतफेड. मग माझी नजर ह्यांच्याकडे गेली. हे मान हलवून उठायला लागले. उद्या सकाळी ह्यांचं जहाज होतं.

“बस खाली,” मी गोटीवर खेकसले. “सांग त्यांना. आत्ताच्या आत्ता. जहाजं आहेत ती, भांडी नाहीत.”

ती लाल झाली. एक क्षण वाटलं, उठून जाईल. मग तिने कोरा कागद ओढला आणि काढायला घेतलं. शाळेचं घड्याळ, पाण्याची टाकी, दोन्हींची रेषा. हे वाकून बघत होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

तिचं सांगून झालं. ह्यांनी पेन्सिल हातात घेतली, कागद आपल्याकडे फिरवला.

“मला नाही कळलं,” हे म्हणाले. “पुन्हा एकदा सांग.”

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी चहा ठेवायला गेले. बाहेर आले तरी दोघं कागदावरच वाकलेली होती, तेव्हा कप मी ह्यांच्या डावीकडे ठेवला.