मोडलेली घडी

"कुसुम, फ्रिजात जंतू ठेवलेस म्हणे?" शांताताई दारातूनच म्हणाल्या. "तेही कोथिंबिरीला लागून?"

"जंतू नाहीत, वन्सं. जंतूंमधलं प्रथिन आहे."

"म्हणजे जंतूंचं वरण!"

शरयू खुदकन हसली. तिच्या आईला, कुसुमताईंना, हसायचाही शीण झाला होता. छत्तीसगड वेगळं झालं, नोकरदारांची वाटणी झाली आणि त्यांच्या वाट्याला बिलासपूर आलं. ग्वाल्हेरच्या कॉलेजातल्या त्यांच्या प्रयोगशाळेला कुलूप लागलं. शिकवून उरलेल्या वेळात वर्षानुवर्षं केलेल्या कामातलं एवढंच शिल्लक होतं: पातेल्यातल्या पाण्यात सोडलेली, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधलेली पातळ पिशवी. उद्या त्यांचा विद्यार्थी मधुसूदन ती दिल्लीला नेऊन यंत्रावर तपासणार होता.

"आत युरिया आहे, तो पिशवीतून बाहेरच्या पाण्यात झिरपवून काढायचाय," कुसुमताई म्हणाल्या.

"शेतात घालतात तो? शिव शिव!" नाकाला पदर लावून शांताताई सामान बांधायला आत गेल्या.

"पण आई, इतकं धीरे धीरे कशाला?" शरयूने विचारलं.

"हे प्रथिन जनुकावर बसून त्याला गप्प ठेवतं. साखर आली की उठतं. त्यासाठी त्याची घडी नेमकी लागते. युरियाने ती मोडलीय. पातेल्यातल्या पाण्यातही युरिया आहे; तो थोडा थोडा कमी केला, तर घडी आपली आपण परत बसेल. एकदम काढला तर सगळ्या गुठळ्या."

दुपारी दोघी कार्यमुक्तीचा कागद आणायला इंदरगंजच्या कचेरीत गेल्या. साहेब जागेवर नव्हते. परतायला संध्याकाळ झाली.

शांताताई फाटकातच उभ्या होत्या. "तुझं एक काम उरकलं बघ. तो युरिया काढायचा होता ना? पाणी काय वास मारत होतं! दोनदा बदललं. माठातलं नाही हं, उकळून ठंडं केलेलं."

कुसुमताईंनी फ्रिज उघडला. सकाळी पिशवीतलं पाणी काचेसारखं नितळ होतं. आता आत फाटलेलं दूध असावं तसं दिसत होतं.

"बिघडलं का गं काही?" दिवसभर भांडी बांधून शांताताईंची बोटं सुतळीने सोलवटली होती.

शरयू तोंड उघडणार, तोच कुसुमताईंनी तिच्याकडे बघितलं.

"नाही, वन्सं. आता ते दिल्लीला न्यायला नको, एवढंच."

"चला, बरं झालं," म्हणत शांताताई चहाचं आधण ठेवायला वळल्या.

कुसुमताईंनी पिशवी दिव्यासमोर धरली. पांढरे कण सावकाश तळाशी जात होते. शेवटचा कण खाली बसेपर्यंत त्या हात न हलवता उभ्या राहिल्या.