भांडण न लावणारी माडी

लग्नघरात विधवा बाईला काम तरी काय द्यायचं? हळदीला तिचा हात नको, चुड्याला नको, देवकाला तर नकोच नको. हर्ण्याच्या खारवीवाड्यात भिवाच्या घरी हाच पेच पडला होता. बरं, बाई काही गप्प बसून राहणारी नव्हती. शेवटी भिवाच आपल्या बहिणीला म्हणाला, "बाय, पिण्याचं काय ते तू बघ."

भागूबाई सुकट निवडत होती, तिचा हात थांबला. "मी? जन्मात थेंब घेतला नाय मी."

"म्हणून तर तुला सांगतोय. पिणाऱ्याला सांगितलं तर चाखता चाखताच पिंप रिकामं करील. दीडशे माणूस आहे. आपल्याला परवडेल असं बघ, आणि वेळणेश्वराकडची वऱ्हाडी माणसं नावं ठेवणार नाहीत असं बघ."

एवढं बोलून भिवा जाळं खांद्यावर टाकून निघूनही गेला. वेळणेश्वराचं नाव निघालं की तो असाच निघून जायचा.

का, ते सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वी भागूबाई चौदा वर्षांची असताना तिलाही त्याच वेळणेश्वरात दिली होती. अक्षता पडल्या, जेवणं झाली, माडाची ताजी माडी पोटभर पिऊन झाली, आणि संध्याकाळच्या भरतीला नवरी होडीत चढणार, तेवढ्यात भिवानं नवऱ्याच्या चुलतभावाच्या, रघूच्या, थोबाडीत अशी काही लगावली की पुढचा दात पुळणीवर पडला. मग काय, वल्ही निघाली, डोकी फुटली. लग्न मोडलं नाही, पण येणंजाणं तुटलं ते तुटलंच. अकरा वर्षं भागूबाईला माहेर दिसलं नाही. तिची आई गेली त्याचा निरोप तिला मिळाला तेव्हा तेरावासुद्धा उरकला होता. पुढे नवरा दर्यात राहिला, तेव्हा ती रिकाम्या कपाळानं या घरात परत आली. सगळे म्हणाले, माडीनं घात केला. पोरगा प्यायला होता, नाहीतर भिवासारखं गरीब माणूस हात उगारील होय! त्या दिवसापासून भिवानं माडीला तोंड लावलं नाही, आणि त्याबद्दल सगळी वाडी त्याला मान द्यायची.

आता त्याची एकुलती एक लेक तुळसा तिथेच निघाली होती. पोरगा चांगला, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी म्हटलं की जुनं वैर मिटवून टाकू. आणि वराचा चुलता कोण? तर तोच रघू, बिनदाताचा! तुळसाला भागूबाईनं अकरा वर्षं अंगाखांद्यावर वाढवलेली. उद्या पुन्हा तसंच काही झालं तर या पोरीचंही माहेर तुटणार!

म्हणून तिनं ठरवलं. कुठली दारू माणसाला भांडायला लावते आणि कुठली लावत नाही, ते एकदा डोळ्यांनी बघायचंच. लोक बावीस वर्षं माडीला शिव्या देत होते, पण कुणी नीट बघितलं होतं का?

तिनं तीन माणसं धरली. एक झिलू भंडारी, गावाला माडी पुरवणारा. त्याच्या माडांवर अबकारीचा कर भरल्याचे सरकारी नंबर घातलेले, त्यामुळे सगळं उघड उघड काम. दुसरा रामा, भिवाच्या होडीवरचा. तिसरा बाबू, आगबोटीवर बटलरच्या हाताखाली काम करणारा, रजेवर आलेला आणि त्यामुळे चार दिवस पाय जमिनीला न लागणारा. रामा आणि बाबू यांच्यात जाळं कापल्यावरून जुनी खुन्नस होती, हे भागूबाईला पक्कं ठाऊक होतं. मुद्दाम म्हणून तर त्यांना निवडलं.

"रोज दुपारी पडवीत यायचं. फुकट प्यायचं. मी समोर बसणार," तिनं सांगितलं.

"आणि आम्ही काय करायचं?" रामानं विचारलं.

"काही नाय. प्या नि बोला."

अहो, असं आमंत्रण कोण सोडतो?

रोज एकच बेत. भाजलेला सुका बांगडा माणशी एक, तितक्याच करवंट्या भरून प्यायला, आणि तिसरी करवंटी संपली की भागूबाई साळसूदपणे विचारायची, "काय रे, ते जाळं कुणी कापलं होतं म्हणे?" मग गुडघ्यांना मिठी मारून बघत राहायची. तुळसा दाराआडून खुदुखुदु हसायची. "आते, तू म्हणजे अबकारीचा शिपाईच झालीस!"

पहिल्या दिवशी सकाळची माडी. तिघांनी गाणी म्हटली. जाळ्याचं विचारल्यावर रामा म्हणाला, "जाऊ दे गो, जाळं काय, पुन्हा विणता येतं." दुसऱ्या दिवशी ताडी. झिलू बसल्या जागी घोरायला लागला आणि बाकीचे दोघे त्याच्याकडे बघून पेंगले. तिसऱ्या दिवशी ठेक्याच्या दुकानातली मोहाची. तिच्या वासानंच भागूबाईला मळमळलं. ती पिऊन बाबू ढसाढसा रडला आणि रामाच्या गळ्यात पडला. भांडण कुठेच नाही!

चौथ्या दिवशी बाबूनं ट्रंकेतून एक बाटली काढली. द्राक्षाची दारू, साहेब लोक लग्नात हीच पितात म्हणे. रंग बघून भागूबाईला वाटलं, कोकमाच्या आगळात पाणी घातलंय. बाबूनं भाव सांगितल्यावर ती म्हणाली, "एवढ्यात तर अख्खं जेवण उठेल." तरी तिला बघायचं होतंच. तिघांना चमचा चमचा वाढली, तर रामा ताठ बसून बाबूशी इंग्रजी बोलायला लागला. त्याला इंग्रजीतला एक शब्द येत नव्हता, पण थांबेना. भागूबाईनं उरलेली बाटली काढून घेतली आणि पेटाऱ्यात ठेवली.

म्हणजे माडीच बरी, सगळ्यांत स्वस्तही. खात्री करावी म्हणून पाचव्या दिवशी तिनं पुन्हा तीच माडी आणवली, त्याच माडाची. आणि काय झालं? पहिली करवंटी अर्धी व्हायच्या आत रामा बाबूच्या अंगावर धावून गेला. कारण काय, तर येता येता बाबू त्याला "आमच्या बोटीवर तुला भांडी घासायलासुद्धा घेणार नाहीत" असं म्हणाला होता. माडी पोटात जायच्या आधीच भांडण पोटात होतं.

भागूबाई चक्रावली. ज्या माडीनं सोमवारी गाणी म्हटली, तिनंच शुक्रवारी गचांडी धरली? तिनं दोघांना घरी पिटाळलं आणि झिलूला थांबवलं.

"झिलू, माझ्या लग्नाची माडी तुझ्या बापानं दिली होती ना? लई कडक होती का रे ती?"

"कडक?" झिलूला रागच आला. "बाय, मी होतो की मडकी वाहायला. पहाटेची उतरवलेली, साखरेसारखी. तिनं कोंबडीसुद्धा डुलली नसती. आमच्या बापाला फुकट नावं ठेवली लोकांनी."

त्या रात्री भागूबाईला झोप कसली! साखरेसारख्या माडीनं एकट्या भिवाचंच डोकं कसं फिरलं? सकाळी उठल्या उठल्या तिनं माडीची करवंटी भरली आणि अंगणात होडीचं शीड शिवत बसलेल्या भावापुढे धरली.

"दादा, एवढा घोट घे. घरच्या माणसानं चाखल्याशिवाय मी पक्की करणार नाय."

"मी घेत नाय, तुला ठाऊक आहे."

"एक घोट, तुळसासाठी."

लेकीचं नाव घेतल्यावर भिवाचा नाइलाज झाला. डोळे मिटून त्यानं घोट घेतला. थोड्या वेळानं त्याच्या मानेवर, हातांवर पित्तासारख्या टरटरून गांधी उठल्या. ओठ सुजले. त्याची बायको गोदा घरातून कोकम घेऊन धावली आणि करवादली, "वन्सं, हे काय केलंत? त्यांना माडी सोसत नाही! सासूबाईंनी मला लग्नातच बजावलं होतं, याला लहानपणापासून अंगावर उठतं म्हणून."

भागूबाईच्या कानांत तेवढा एकच शब्द राहिला. लहानपणापासून?

गोदा अंगाला कोकम चोळून आत गेली, तसं भागूबाईनं विचारलं, "दादा, माझ्या लग्नात तुझ्या अंगावर एक गांध नव्हती. मला चांगलं आठवतंय, मी होडीकडे जाताना तुझ्याकडेच बघत होते. तू प्यायला नव्हतास."

भिवानं सुई शिडात खुपसली. म्हणाला, "नव्हतो."

"मग रघूला का मारलंस? काय बोलला तो?"

"वाईट नाय बोलला. तू रडत होतीस. तो म्हणाला, रडू नको वहिनी, चार दिवसांत हर्णं विसरशील." भिवानं दोरा हिसडून तोडला. "विसरशील म्हणाला गो. तू, आम्हांला. मला रडायला येत होतं, आणि अठरा वर्षांचा बाप्या चार गावांपुढं रडणार कसा? हात उठला. मग बाबा पंचांपुढं म्हणाले, पोरगा प्यायलाय, समज नाय त्याला. मी गप्प राहिलो. शुद्धीत असून मारलं म्हणालो असतो तर माफी मागावी लागली असती."

"मग मागायची होतीस!" भागूबाई ओरडली. "मेल्या, एका माफीपायी माझी अकरा वर्षं खाल्लीस! आई गेली माझी! आणि मी बसले माडीला शिव्या देत!"

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या ताटात भाकरीसुद्धा तिनं वाढली नाही. तुळसा विचारून थकली. पण रागानं पोट भरतं थोडंच? लग्न तोंडावर आलं होतं, आणि आता भागूबाईला नेमकं ठाऊक झालं होतं की धोका कुठल्याच पिंपात नाही, तो भावाच्या गळ्यात अडकलेला आहे. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"पहाटेची माडी सांगितली आहे झिलूला. आणि तू ऐक. पोरगी होडीत चढताना तुझा हात माझ्या हातात असेल. रडायला आलं तर रडायचं. नाय रडलास तर माझ्याशी गाठ आहे."

लग्न झकास झालं. दीडशे माणूस माडी प्यायला, रामानं बाबूला आग्रह करून वाढली, कुणी कुणाकडे डोळे वटारले नाहीत. वेळणेश्वरकरांनी करवंट्या पालथ्या करून दाखवल्या आणि आणखी मागितली. पण भागूबाईचं लक्ष पिंपांकडे नव्हतंच. ती भरतीची वाट बघत होती.

संध्याकाळी तुळसा गुडघाभर पाण्यातून होडीपाशी गेली आणि "बाबा" म्हणून तिनं हंबरडा फोडला. रघू होडीत उभा होता. त्यानं हात देऊन तिला चढवलं आणि सवयीप्रमाणे तोंड उघडलं, "रडू नको पोरी, चार दिवसांत..."

भागूबाईच्या हातातलं भिवाचं मनगट ताठ झालं. मूठ वळली. तिनं दोन्ही हातांनी ती मूठ गच्च धरली आणि हळूच म्हणाली, "दादा, रड."

आणि भिवा रडला. असा तसा नाही, चाळिशीतला बाप्या पुळणीवर बसून पोरासारखा मोठ्यानं रडला. वऱ्हाड थबकलं. वेळणेश्वरचा कुणीतरी हसून म्हणाला, "सोयऱ्याला आज जास्त झाली वाटतं!"

"थेंब नाय घेतला त्यानं!" भागूबाईचा आवाज होडीपर्यंत गेला. "आज नाय, आणि माझ्या लग्नातसुद्धा नव्हता घेतला. तेव्हाही रडायलाच आलं होतं त्याला. माडीचं नाव खोटंच पुढं केलं आम्ही. रघूभाऊ, चूक आमची होती."

रघूनं जिभेनं दाताची फट चाचपली. मग तो होडीतून पाण्यात उतरला, भिवाशेजारी पुळणीवर येऊन बसला आणि म्हणाला, "अरे गाढवा, तेव्हाच असा रडला असतास तर माझा दात तरी राहिला असता."

रडता रडता भिवाला हसू फुटलं. भागूबाई पदराआडून ती आगळाच्या रंगाची बाटली काढून रघूच्या हातात देत म्हणाली, "हे दाताचं."

रघूनं बाटली कमरेला खोचली. "नारळी पुनव झाली की पोरीला मी स्वतः इथं आणून सोडतो," तो म्हणाला, आणि मग भागूबाईकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तुम्हांलाही मी त्या वर्षी असाच आणून सोडणार होतो हो."

आता मात्र भागूबाईला रडू आवरेना, आणि भिवानं तिचा हात सोडला नाही.