तपकिरी पट्टीचा रुपया

पार्बताबाईला मागच्या ओळीत बसवलेलं कधीच खपलं नाही, मग ते लग्न असो की ग्रामसभा. बडनेऱ्याजवळच्या मळ्यात झेंडू, शेवंती आणि वांगी पिकवायची आणि अमरावतीच्या बाजारात स्वतः बसून विकायची, असा तिचा खाक्या. कपाशीनं वऱ्हाडाला दगा दिला ती वर्षं. टीव्हीवाले गावोगाव रडके चेहरे शोधत फिरायचे. तिच्याही बांधावर एक येऊन उभा राहिला. "रडाचं असन तं तूच रड बाप्पा, मले वांगे तोडाचे हायेत," म्हणून तिनं त्याला आल्या पावली परत पाठवला.

अशा बाईचा रुपया अकोल्याच्या नाणेप्रदर्शनात पार मागच्या टेबलावर, तोही खांबाच्या आड ठेवला गेला. पुढं काय झालं असेल ते ओळखणं कठीण नाही, तरी सांगतोच.

रुपया चांदीचा, राणीछाप. लग्नात तिच्या आईनं ओटीत घातलेला. तिचा मुलगा चंदन रेल्वेत नोकरीला. त्याला नाण्यांचा नाद लागला आणि त्यानं तो रुपया एका कंपनीकडे तपासायला पाठवला. ही कंपनी नाणं पारखते, त्याचा दर्जा ठरवते, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या डबीत ते कायमचं बंद करते आणि वर रंगीत कागदाची पट्टी घालते. निर्दोष नाण्याला निळी पट्टी, खोट असलेल्याला तपकिरी. रुपया आला तो तपकिरी पट्टी घेऊन. कारण लिहिलेलं होतं: घासलेलं नाणं. कारण खरंच होतं. दर लक्ष्मीपूजनाला पार्बताबाई चिंच आणि राख घेऊन रुपया लखलखीत करायची, तिच्याआधी तिची आई करायची. पूजेला काळवंडलेली लक्ष्मी मांडतं का कुणी? पण नाणेवाल्यांच्या लेखी घासलेलं नाणं बाद. त्यातून राणीचं नाकही पार सपाट झालेलं.

प्रदर्शनात रुपया ठेवायचा हट्ट तिचाच. चंदन "बरं" म्हणाला, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून डबी गुपचूप खांबामागं सरकवून आला.

हॉलमध्ये शिरल्याबरोबर ती गर्दी होती तिथं घुसली. पंजाबराव हे मोठे संग्राहक, त्यांच्या टेबलावर तीन डब्या उजेडात मांडलेल्या.

"हे लेबल फिकं निळं, सुरुवातीच्या काळातलं," पंजाबराव समजावत होते. "हे गडद, नंतरचं. आणि हे जांभळट पाहा, छापताना शाई चुकली. फार दुर्मीळ!"

"अन् रुपये?" पार्बताबाईनं विचारलं.

"रुपये तिन्ही सारखेच हो. साधेच आहेत."

"म्हंजे रुपया तोच, कागद न्यारा, अन् जत्रा कागदाची?"

लोक हसले. पंजाबराव हसले नाहीत. नाकापेक्षा मोती जड, असं पुटपुटत ती चंदनकडे वळली. "आपला कुठी हाये?"

त्यानं खांबाकडे बोट दाखवलं. आपल्या आईचा रुपया अंधारात पडलेला पाहून तिचं डोकं तापलं.

प्रदर्शन भरवणारे अन्सारभाई, अकोल्यातलेच नाण्यांचे व्यापारी, दाराशी बसले होते. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "माहा रुपया मांगं काहून?"

"मावशी, तपकिरी पट्टी मागंच ठेवतेत. कायदाच हाय तसा."

"कोनाचा कायदा?"

"माहाच समजा," अन्सारभाई ओशाळून म्हणाले.

"ऐका मंग. पोराची फटफटी पाहून आमाले गरिबाचं पिवळं रेशनकारड नाई, केसरी देल्लं. पोटात काय हाये ते कोनं पाह्यलं नाई. आता माह्या मायच्या रुपयाले बी रंग लावता? पट्टीच पाह्यजे ना? मी लावतो पट्टी."

दारावरच्या पताकांमधली एक लाल पताका तिनं टर्रकन फाडली. अन्सारभाईंच्याच पेनानं तिच्यावर लिहिलं, 'हा रुपया घासला: गिरजाबाई, तिच्या मांगून तिची लेक पार्बताबाई.' मग चिकटपट्टी मागितली. अन्सारभाईंनी निमूटपणे दिली. खांबामागची डबी उचलून तिनं तपकिरी पट्टीवर लाल कागद डकवला आणि ती पंजाबरावांच्या तीन निळ्यांच्या शेजारी ठेवली. गर्दी लगेच तिकडं वाकली.

"हे कोणत्या कंपनीचं लेबल?" पंजाबराव कडाडले. "काढा ते! खोट लपवता?"

"लपोली कुठी? घासला म्हनून लिवलं ना! तुमच्या पट्टीवर कोनं घासला ते नव्हतं, तेवढं म्या भरलं."

पंजाबराव चंदनकडे वळले. "अहो, हा रुपया तर तुम्ही विकत घेतलेला! कुण्या अडाण्यानं घासला देव जाणे, असं तुम्हीच म्हणाला होता मला."

पार्बताबाईचा हात डबीवर तसाच राहिला. तिनं पोराकडं पाहिलं. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण मान तिनं खाली घातली नाही.

"सांग ना साह्यबाले," ती म्हणाली. "कोन होता थो अडानी?"

चंदनचे कान लाल झाले. तो पुढं आला.

"ते माही माय हाये, साह्यब. विकत घेतला म्हनलो थे झूठ होतं. अन् राणीचं नाक तिनं नाई झिजोलं. सातवीत होतो तवा म्या टूथपेस्ट लावून घासला होता."

"मग तर काढाच ते लेबल!" पंजाबराव म्हणाले. "त्यावर नावंही अर्धीच आहेत."

"नाई काढत," चंदन म्हणाला आणि त्यानं आईच्या हातून पेन घेतलं. लाल कागदाच्या कोपऱ्यात तो आपलं नाव लिहायला लागला.

पार्बताबाई त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"इतलं बारीक काहून लिवून राहिला बे?" ती म्हणाली. "मोठं लिव. दारातून वाचता आलं पाह्यजे."