पेशंट काय म्हणतात?

संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात नेहमीसारखी घोकंपट्टी चालली होती: आपली ओळख करून द्या, आपलं काम सांगा. वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या विद्यार्थिनीला सगळे ‘ताई’ म्हणत, पण तिच्या बाकावर कुणी बसत नसे. ती इस्पितळाच्या शवागारात मृतांना आंघोळ घालते, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. शेजारणीनं तेव्हाच आपली पाण्याची बाटली उचलली होती.

शिकवणाऱ्या बाईंनी ते पाहून कानाडोळा केला होता. वर ताईलाच बाजूला घेऊन समजावलं होतं, “अगं, कामाचं जरा चांगलं नाव सांगावं. ‘मी पेशंटची काळजी घेते’ एवढंच म्हण.”

“पण बाई, ते खोटंच ना?”

“तुला त्या नव्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर नोकरी हवीय ना?”

हवी तर होतीच. आईच्या या कामापायी ताईच्या मुलीला शाळेत कुणी सोबत डबा खाऊ देत नव्हतं. ताईनं वाक्य पाठ केलं.

आज त्या नव्या दवाखान्याचे साहेब माणूस निवडायला वर्गात आले होते. ताईनं न अडखळता वाक्य म्हटलं. साहेब खूश झाले. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, “छान! मग पेशंट तुमच्याबद्दल काय म्हणतात?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताईनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली.

मग ताई थांबत थांबत, पण इंग्रजीतच बोलली, “ते काही म्हणत नाहीत. ते मेलेले असतात. मी त्यांना आंघोळ घालते, केस विंचरते. घरच्यांना बघवेल असं करते.”

साहेबांचा चेहरा उतरला. “त्याच हातांनी खिडकीवर कागद देणार? लोक घेतील का?” ते बाईंकडे वळले. “हे असं बोलायला तुम्ही शिकवलंत?”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाही,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मी खोटं बोलायला शिकवलं होतं.”

साहेब ‘कळवतो’ म्हणून निघून गेले. त्यांच्या मागोमाग वर्गही पांगला.

“बाई, वाक्यं बरोबर होती ना माझी?” ताईनं हळूच विचारलं.

“अगदी बरोबर होती गं.”

“मग?”

बाईंची मान काही वर होईना. वाचकहो, तिला उत्तर आपण द्याल?